एक अश्वशक्तीपुरता धंदा

मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत बटणांचा उल्लेख होता. निवासी विभागातल्या घरात कोणते उद्योग चालतील हे सांगताना तिथे उदाहरणं दिली होती ती शिवणकामाची, भरतकामाची आणि बटणं करण्याची. पुढची अट अशी होती, की यंत्राला वीज वापरली तर एकूण भार एक अश्वशक्तीच्या, म्हणजे साधारण पाऊण किलोवॉटच्या, वर जाता कामा नये. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई आणि आणखी काही क्षेत्रं वगळून उरलेल्या महाराष्ट्राला एकच नियमावली लागू झाली. वास्तुविशारद आणि बिल्डर तिला ‘युडीसीपीआर’ म्हणतात. घरगुती उद्योगाची व्याख्या तिच्यातही जवळजवळ तशीच उतरली, बटणांसकट.

आता आपल्याच सोसायटीत एक फेरी मारून पाहा. तळमजल्यावर पिको-फॉल, पहिल्या मजल्यावर दहावीच्या गणिताचा क्लास, दुसऱ्यावर पाळणाघर, तिसऱ्यावर ऑर्डरप्रमाणे केक, चौथ्यावर सुरतेहून गठ्ठ्याने आणलेल्या साड्या, पाचव्यावर परदेशातल्या कंपनीचे हिशेब सांभाळणारा मुलगा. बटणं कोणीच करत नाही. यातल्या कोणाचा धंदा नियमात बसतो आणि कोणाचा नाही, याचं उत्तर बहुतेकांच्या अंदाजापेक्षा वेगळं निघतं.

नियमावलीतली व्याख्या नीट वाचली तर तिच्यात पाच-सहा अटी एकमेकींत गुंफलेल्या दिसतात. काम घरातल्या माणसांनी करायचं, पगारी माणूस ठेवायचा नाही. इमारतीच्या बाहेरून पाहणाऱ्याला इथे धंदा चालतो हे कळेल असं काही, म्हणजे पाटी वगैरे, लावायचं नाही. विकायचं ते घरात तयार झालेलंच विकायचं. माल धोकादायक नसावा. यंत्रं घरात सर्रास वापरली जातात त्याच प्रकारची असावीत आणि विजेचा भार मघाशी सांगितला तेवढाच.

या अटी लावून बघितल्या तर गंमत होते. घरच्या घरी चकल्या आणि लाडू करून विकणारी बाई नियमात बसते. सुरतेच्या साड्या विकणारी बसत नाही, कारण साडी तिच्या घरात तयार झालेली नाही. शेजाऱ्यांना त्रास कोणाचा जास्त? तळणीचा वास जिन्यात भरून राहतो, साड्यांना तर वासही नसतो. तीच चकलीवाली दिवाळीच्या पंधरवड्यात मदतीला दोन बायका रोजाने बोलावते, त्या क्षणी ती नियमाबाहेर जाते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच घरघंट्यांची मोटर एक अश्वशक्तीची असते, म्हणजे घरघंटी अगदी काठावर बसते. दोन किलोवॉटचा ओव्हन बसत नाही. ओव्हन म्हणजे काही मोटर नव्हे, अट मोटर चालवण्याबद्दलची आहे, असा वाद घालता येईल आणि मला तो पटतोही. पण तो वाद पालिकेच्या अधिकाऱ्यासमोर घालायची वेळ आली, तर धंदा अर्धा बुडालेलाच असतो.

डॉक्टर, वकील, सनदी लेखापाल यांची गोष्ट निराळी. त्यांना नियमांनी पूर्वीपासून खास जागा दिली आहे. १९९१च्या मुंबईच्या नियमांत त्याच घरात राहणाऱ्या व्यावसायिकाला ३० चौरस मीटरपर्यंतचं ऑफिस किंवा दवाखाना घरात चालवायला मुभा होती. दवाखान्यात रुग्ण दाखल मात्र करून घ्यायचे नाहीत. न्यायालयांचाही कल तसाच राहिला. डॉक्टरचा खासगी दवाखाना म्हणजे मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यातली ‘व्यापारी आस्थापना’ नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने डॉ. देवेंद्र सुर्ती यांच्या खटल्यात १९६०च्या दशकातच म्हटलं. पदवी आणि अंगचं कौशल्य वापरून केलेला व्यवसाय वेगळा आणि नफ्यासाठीचा धंदा वेगळा, असा त्यामागचा विचार. तो विचार झाला तेव्हा घरी बसून संगणकावर काम करणारा चित्रकार किंवा अनुवादक कोणाच्या डोळ्यांसमोर असण्याचं कारण नव्हतं. आज अशी माणसं या व्यावसायिकांच्या रांगेत बसवावीत असं मला वाटतं. व्यवहारात त्यांच्या वाटेला कोणी जातही नाही, कारण त्यांच्या दाराशी कोणी येत नाही.

मुळात राहण्याची जागा आणि कामाची जागा यांची फारकत कोणी केली? धुराने आणि गोंगाटाने. कारखान्यांच्या काळात घरांना त्यांच्यापासून दूर ठेवणं गरजेचं होतं. न्यूयॉर्कने १९१६मध्ये सगळ्या शहराचे विभाग पाडले आणि १९२६मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ओहायो राज्यातल्या युक्लिड या गावाच्या खटल्यात ही पद्धत उचलून धरली. आपल्याकडे मुंबई प्रांताचा नगररचना कायदा १९१५चा. १९६६मध्ये महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा झाला, ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात. त्या कायद्यात ‘विकास’ या शब्दाच्या व्याख्येत इमारत बांधणं जसं येतं तसाच इमारतीच्या वापरात केलेला मोठा बदलही येतो. म्हणून एक वीट न हलवताही घराचं दुकान केलं तर तो विनापरवाना विकास ठरू शकतो. पुष्कळांना हे ठाऊकच नसतं. ‘मी बांधकाम कुठे केलंय?’ असं ते नोटीस हातात घेऊन विचारतात.

पण ही फारकत आपल्या शहरांनी कधीच पुरती मानली नाही. गिरणगावात एका खोलीच्या घरात बायका गिरणी कामगारांसाठी खानावळी चालवत. त्यांच्याच संघटनेतून १९७५मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. सोलापुरात बिड्या घरोघरी वळल्या जातात. १९६६च्या बिडी कामगार कायद्याने घरी बिड्या वळणाऱ्यांनाही कामगार मानलं आणि त्याच वेळी, आपल्या राहत्या घरात फक्त स्वतःच्या कुटुंबीयांच्या मदतीने उत्पादन करणाऱ्याला कायद्यातून सूट दिली. धारावीच्या कुंभारवाड्यात तर घर, चाक, भट्टी आणि विक्री एकमेकांना लागूनच असतात. अशा वस्तीचा पुनर्विकास होतो तेव्हा माणसाला वरच्या मजल्यावर पक्कं घर मिळतं, पण भट्टी काही लिफ्टने वर जात नाही. पुनर्विकासाच्या सगळ्या चर्चा चौरस फुटांवर अडतात आणि हा प्रश्न बाजूला राहतो.

लिज्जतची गोष्ट या संदर्भात मुद्दाम सांगण्यासारखी आहे. १९५९च्या मार्चमध्ये गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, हे सर्वांना माहीत असतं. त्यांची कामाची पद्धत कमी लोकांना माहीत असते. पीठ शाखेत मळलं जातं. सभासद बहिणी ते घरी नेतात, लाटून वाळवतात आणि दुसऱ्या दिवशी परत आणून देतात. तोलणं, तपासणं, पुड्या बांधणं शाखेत. म्हणजे यंत्र, साठा, गाड्यांची ये-जा हे सगळं घराबाहेर आणि घरात फक्त पोळपाट-लाटणं. हे त्यांनी नियमावली वाचून केलं असं मी म्हणत नाही. पण घरगुती धंदा मोठा करायचा असेल तर वाढ कुठे होऊ द्यायची आणि कुठे नाही, याचा इतका चांगला नमुना दुसरा सापडणार नाही.

पालिकेचा माणूस मात्र क्वचितच आपण होऊन दारात उभा राहतो. घरगुती धंद्याची पहिली गाठ पडते ती सोसायटीशी. आदर्श उपविधींप्रमाणे सभासदाने सदनिका ज्या कामासाठी मिळाली आहे त्याच कामासाठी वापरायची. दुसऱ्या कामासाठी वापरायची तर समितीची लेखी परवानगी लागते. शेजाऱ्यांना उपद्रव होईल असं काही करायचं नाही, ज्वालाग्राही माल साठवायचा नाही, हीही कलमं आहेत. पुण्यात पुष्कळ ठिकाणी सोसायटी नसून १९७०च्या कायद्याखालचं अपार्टमेंट असतं. तिथे उपविधींबरोबर नोंदवलेलं घोषणापत्र पाहावं लागतं, कारण कोणतं युनिट राहण्यासाठी आणि कोणतं दुकानासाठी हे त्यात लिहिलेलं असतं.

सोसायटीतलं भांडण धंद्यावरून फारसं होत नाही. ते लिफ्टवरून होतं, पार्किंगवरून होतं, संध्याकाळी सहा वाजता जिन्यात उतरवलेल्या वीस जोडी चपलांवरून होतं. दिवसातून बारा वेळा डिलिव्हरीवाला वर सोडायचा की नाही, हे वॉचमनला कळत नाही. मग सेक्रेटरी एक दिवस सूचनाफलकावर ‘व्यावसायिक वापरास सक्त मनाई’ असा कागद डकवतो आणि त्याच इमारतीतल्या वकिलांच्या पाटीकडे मात्र कोणी बघत नाही. काही समित्या ‘धंदा करता ना, मग मेंटेनन्स जास्त भरा’ म्हणतात आणि दहा टक्क्यांचा दाखला देतात. तो दाखला चुकीचा आहे. सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांची मर्यादा सरकारने २००१मध्ये घातली ती बिनभोगवटा शुल्कावर, म्हणजे घर भाड्याने दिल्यावर आकारायच्या रकमेवर. मालक घरात राहून शिकवण्या घेत असेल तर त्या शुल्काचा इथे काही संबंध नाही.

विजेच्या बिलाचा भाग मात्र खरोखर समजून घेण्यासारखा आहे, कारण इथे कायदा आश्चर्य वाटावं इतका समजूतदार आहे. घरगुती दर आणि व्यापारी दर यांत मोठा फरक असतो. घराचं मीटर धंद्याला वापरलं तर वीज कायदा २००३च्या कलम १२६खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी दुपटीने होते. हे ऐकून माणूस घाबरतो. पण महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दर आदेशांत गेली कित्येक वर्षं एक तरतूद चालत आली आहे: राहत्या घराच्या एका भागात कोणी धंदा करत असेल आणि त्याचा वापर महिन्याला ३०० युनिटांपर्यंत व मागच्या आर्थिक वर्षात ३,६०० युनिटांपर्यंत असेल, तर त्याला घरगुती दरच लावायचा. वकील, डॉक्टर, अभियंते, सनदी लेखापाल घरातून काम करत असतील तर त्यांनाही घरगुतीच दर, फक्त शुश्रूषागृह किंवा शस्त्रक्रियेची सोय नको.

हिशेब करून पाहा. महिन्याला ३०० युनिट म्हणजे रोज दहा. एक अश्वशक्तीची घरघंटी दिवसाला तीन तास चालली तर सव्वादोन युनिटं जातात. फ्रिज, पंखे, दिवे, टीव्ही यांना तीन-चार धरली तरी दळणवाली निश्चिंत राहू शकते. दोन किलोवॉटचा ओव्हन रोज तीन तास तापवला तर जास्तीत जास्त सहा युनिटं, म्हणजे केकवाली काठावर आली. एप्रिल-मेमध्ये तिने एसी लावला की मर्यादा ओलांडलीच. अशा बाईने धंद्याच्या खोलीसाठी वेगळं व्यापारी मीटर घ्यायचा विचार करावा. महाग वीज फक्त त्या खोलीपुरती राहते आणि कलम १२६ची टांगती तलवार जाते.

आयोगाने इथे धंद्याचं नाव विचारलं नाही, तो किती मोठा झाला एवढंच विचारलं. नगररचनेच्या नियमांनीही तसंच करायला हवं, असं माझं मत आहे.

गॅसच्या बाबतीत एवढी सवलत नाही. १४.२ किलोचा लाल सिलिंडर घरगुती वापराचा, १९ किलोचा व्यापारी. डबे करून विकणाऱ्या घरात लाल सिलिंडर सापडला तर २०००च्या एलपीजी आदेशाचा भंग होतो. दोन माणसांचा डबा आणि चाळीस माणसांचा डबा असा भेद तो आदेश करत नाही. व्यापारी सिलिंडर फ्लॅटमध्ये आणून ठेवले की सोसायटीचा ज्वालाग्राही मालाचा आक्षेप उभा राहतो, आणि त्या आक्षेपात तथ्यही असतं. डब्यांचा पसारा वाढला की गाळा शोधायला लावणारी गोष्ट बहुतेक वेळा हीच असते.

मग ‘गुमास्ता’ काढलाय, ‘उद्यम’ आहे, अन्न परवाना आहे, असं म्हणणाऱ्यांचं काय? हे कागद खरे, पण ते वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देतात. ‘गुमास्ता’ ज्याखाली मिळतो त्या २०१७च्या नव्या दुकाने व आस्थापना कायद्याप्रमाणे कामगार थोडे असतील तर नोंदणी लागत नाही, ऑनलाइन माहिती कळवली की पावती मिळते. उद्यम नोंदणी मोफत होते. अन्न व्यवसायाची नियमावली २०११मध्ये आली तेव्हा वर्षाला १२ लाखांपर्यंतच्या उलाढालीला परवान्याऐवजी साधी नोंदणी आणि वर्षाला १०० रुपये फी ठरली. यातला एकही कागद ‘या जागेत हा धंदा चालवायला हरकत नाही’ असं म्हणत नाही. बँक कर्ज देईल, घरपोच जेवण पोचवणारी कंपनी आपलं नाव यादीत घेईल, आणि तरीही सोसायटी किंवा पालिका उद्या हरकत घेऊ शकते. घरगुती धंद्यांत सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, कारण हातात सरकारी शिक्क्याचा कागद आला की माणसाला वाटतं काम झालं.

मालमत्ता कराचंही तसंच. मुंबईत १ जानेवारी २०२२पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना करमाफी आहे, पण ती निवासी वापराला. घराची नोंद व्यापारी झाली तर माफी जाते आणि व्यापारी दर लागतो. म्हणून ‘वापर बदलून घ्या, एकदाची कटकट मिटवा’ हा सल्ला छोट्या धंद्याला नेहमी फायद्याचा नसतो. जमिनीच्या मूळ अटीही पाहाव्यात. नवी मुंबईत सिडकोने जमिनी ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिल्या, काही सोसायट्या सरकारने दिलेल्या वर्ग दोनच्या, म्हणजे अटींनी बांधलेल्या, जमिनीवर उभ्या आहेत. अशा ठिकाणी वापर बदलला तर शर्तभंगाचा प्रश्न येतो आणि तो एकट्या सभासदापुरता न राहता सोसायटीच्या गळ्यात पडू शकतो. भाडेकरूंची स्थिती तर सगळ्यात नाजूक. लिव्ह अँड लायसन्स करारात ‘फक्त राहण्यासाठी’ असं जवळजवळ नेहमीच छापलेलं असतं, आणि जीएसटी नोंदणीसाठी जागेचा पुरावा द्यायची वेळ आली की मालकाची संमती मागावीच लागते. ती करार करतानाच एका ओळीत लिहून घेतली तर पुढचं सोपं जातं.

नियम आणि वस्तुस्थिती यांच्यातलं अंतर फार वाढू दिलं तर काय होतं, हे दिल्लीने पाहिलं आहे. फेब्रुवारी २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवासी भागांतल्या बेकायदा व्यापारी जागा सील करण्याचा आदेश दिला. हजारो दुकानांना टाळी लागली, रस्त्यावर उग्र आंदोलनं झाली, आणि एका वर्षाच्या आत, फेब्रुवारी २००७मध्ये, मिश्र वापराला बरीच मोकळीक देणारी नवी विकास योजना अधिसूचित करावी लागली. जे आधी शांतपणे करता आलं असतं ते टाळं ठोकल्यावर झालं.

नियम बदलतील तोवर आपल्या हातात असलेलं एक काम सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं आहे. सरसकट बंदीचा कागद डकवण्यापेक्षा सभेने ठराव करावा: क्लासमध्ये एका वेळी किती मुलं, किती वाजेपर्यंत, चपला कुठे, डिलिव्हरी कुठवर येईल, माल कुठे ठेवायचा, पाटी लावायची की नाही. हा ठराव पालिकेच्या नियमांवर मात करत नाही, पण निम्म्याहून अधिक तक्रारी मुळात नियमांच्या नसतातच. धंदा करणाऱ्यानेही आधी लेखी अर्ज द्यावा. चोरून सुरू करायचा आणि कोणी बोललं की ‘बाईमाणसाच्या पोटावर पाय देता का’ म्हणायचं, याने शेजारी कायमचे विरोधात जातात.

बाकीचं काम सरकारचं आहे. घरगुती उद्योगात एक-दोन पगारी मदतनीस चालतील, घरात न बनलेला पण थोडका माल विकता येईल आणि मोजमाप उपद्रवाचं होईल, एवढा बदल पुरेसा आहे. त्यासाठी विधिमंडळात नवा कायदा आणायची गरज नाही. नियमावलीत फेरबदल करण्याचा अधिकार एमआरटीपी कायद्याच्या कलम ३७ने राज्य सरकारला आधीच दिलेला आहे.